थेंब तरंगला म्हणून बायकांना शिबिराबाहेर काढू नका : आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीतली सगळी मंडळी,
आपलं गणेशोत्सव मंडळ, इंदूर.

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना दोन ओळीत कळेलच. आणि हे ग्रुपवर न टाकता सगळ्यांसमोर ठेवतेय कारण ग्रुपवर टाकलं असतं तर पाच मिनिटांत त्याच्यावर सुप्रभातची फुलं पडली असती आणि विषय संपला असता.

गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं की यंदाच्या रक्तदान शिबिरात बायकांची नोंदणी घ्यायची नाही. मीटिंगला आमच्यापैकी कोणी नव्हतं. मेसेज आला तेव्हा मी आमरसाच्या कोयी पिळत होते, हात पुसून वाचला. 'यंदा शिबिर फक्त पुरुष वर्गासाठी, भगिनींसाठी त्याच वेळात मोदक स्पर्धा.' खाली चार जणांचे अंगठे. सचिवदादांना फोन केला तर त्यांनी सरळ सांगितलं, सरळ बोलले याचा मला राग नाहीये: वहिनी, निम्म्याहून जास्त बायका रिजेक्ट होतात, रांग अडते, ब्लड बँकवाल्यांचा वेळ जातो आणि बाटल्यांच्या आकड्यात आपण दरवर्षी पलीकडच्या मंडळाच्या मागे राहतो.

आकडा खरा आहे, तुम्हाला तो मीच दिलाय. सात वर्षं नोंदणीच्या टेबलावर मी बसते, ती निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्याच हातची. गेल्या वर्षी 34 बायका आल्या, 21 परत गेल्या. त्यातल्या दोघींचं वजन 45 किलोच्या खाली होतं, एकीचं ब्लडप्रेशर वाढलेलं, आणि बाकी अठरा जणींच्या नावापुढे मी एकच शब्द लिहिलाय, 'एचबी', म्हणजे हिमोग्लोबिन कमी. वही तुमच्यापुढे ठेवली होती ती यावर काहीतरी करा म्हणून. तुम्ही तीच वही धरून आम्हालाच बाहेर काढलंत, तेही भिंतीवरच्या अहिल्याबाईंच्या फोटोखाली बसून.

ज्यांनी कधी रक्त दिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रक्त द्यायचं तर हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लोहापासून बनणारं लाल द्रव्य, 12.5 लागतं, बाई असो की पुरुष. शिबिरात ते बघायची जुनी पद्धत म्हणजे मोरचुदाचं निळं पाणी. बोटाला सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब वरून पाण्यात सोडायचा. थेंब तळाला गेला की पास, वरच राहिला किंवा खाली जाता जाता घुटमळून परत वर आला की नापास. बस, इतकंच. आपल्या महाप्रसादाच्या पुऱ्या लाटायला येते ना ती मावशी, तिने गेल्या वर्षी हौसेने बोट पुढे केलं होतं, तिचा थेंब वरच तरंगत राहिला. तिने मला विचारलं, "दीदी, ये अच्छा है कि बुरा?" मी काही बोलायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, मावशी बीट खाया करो. हसले सगळे. मीही हसले बहुतेक, आठवलं की लाज वाटते.

कारण माझा स्वतःचा थेंब चार वर्षांपूर्वी तसाच वर राहिला होता. तेव्हा मी 44ची. सगळ्यांची नावं लिहितेस, तुझं नाव कधी लिहिणार, असं कोणी म्हणालं म्हणून बसले खुर्चीवर. वर राहिला तेव्हा वाटलं मशीन बिघडलं असेल, जणू निळ्या पाण्यात मशीन असतं. दोन महिने तसेच घालवले. राजवाड्यावरून सामान घेऊन चालत घरी यायचे ती रिक्षा करायला लागले, जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजारणीच्या सुनेची चौकशी करायचे, म्हणजे चौकशी नव्हतीच ती, धाप लागायची. आणि एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, ती आता सगळ्यांसमोर लिहितेय, तांदूळ निवडायला बसले की मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायचे. कुरूम कुरूम. डबा लवकर संपतोय म्हणून सासूबाई उंदराला शिव्या घालायच्या. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कच्चे तांदूळ, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, बर्फ असलं खावंसं वाटणं हे अंगातलं लोह संपल्याचं एक लक्षण असू शकतं. तुमच्या घरात कोणी येता-जाता बर्फ चावत असेल तर हसू नका, रक्त तपासा.

लॅबमध्ये आलं 8.1. बाईचं हिमोग्लोबिन 12च्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय, धरतात आणि 8च्या खाली तीव्र, म्हणजे मी अगदी उंबऱ्यावर उभी होते आणि त्या अवस्थेत गौरीचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक केला होता.

आता कोणाला वाटेल ही बाई स्वतःचं दुखणं मंडळाच्या गळ्यात मारतेय. तसं असतं तर बरंच झालं असतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये ॲनिमिया निघाला 57 टक्क्यांना, आपल्या मध्य प्रदेशात जवळपास 55. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात देशाचा आकडा 53 होता, म्हणजे वाढलाच. पुरुषांमध्ये 25 टक्के, तेही काही कमी नाहीये हो, चारातला एक. 1970 पासून सरकार लोहाच्या गोळ्या वाटतंय, 2018ला 'ॲनिमिया मुक्त भारत' आलं, तरी हे असं. तर माझ्या वहीतले ते अठरा 'एचबी' काही आपल्या कॉलनीच्या बायकांचा आळस नाहीये. आणि अर्ध्याहून जास्त माणसं ज्या दारातून आत येऊ शकत नाहीत ते दार बंद करून टाकणं याला काही मी उपाय म्हणणार नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक करून.

पहिली. परत पाठवलेल्या बाईच्या हातात आपण काहीच देत नाही. निळं पाणी फक्त पास-नापास सांगतं, आकडा सांगत नाही. 12.2 वाली पण नापास आणि 7 वाली पण नापास, दोघींना एकच उत्तर, "पुढच्या वर्षी या." 12.2 वालीने पुढच्या वर्षी आलं तरी चालेल. 7 वालीला त्याच आठवड्यात दवाखान्यात जायला पाहिजे. आपण तिला बिस्किटाचा पुडाही देत नाही कारण तो रक्त दिलेल्यांसाठी असतो.

दुसरी, तारीख. शिबिर दरवर्षी गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. का, तर तेव्हा पाहुणे असतात. अहो तो दिवस ऋषिपंचमीचा! आदल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत नैवेद्याचा स्वयंपाक, त्याच्या आदल्या दिवशी हरतालिका, कितीतरी जणी निर्जळी, आणि पंचमीला पुन्हा उपास. एका उपासाने हिमोग्लोबिन पडत नाही हे मला माहीत आहे, पण उपाशीपोटी रक्त देऊ नका हे ब्लड बँकवाले स्वतःच माइकवरून सांगतात. म्हणजे ज्या थोड्या जणींचा थेंब बुडतो त्याही चक्कर येऊन बसतात आणि परत तुमचं तेच वाक्य, बायकांना झेपत नाही. तारीख कोणी ठरवली? गंमत म्हणजे त्याच दिवशीची ऋषीची भाजी, अळू, माठ, चवळई, मक्याचे दाणे सगळं एकत्र, वर्षातली सगळ्यात शहाणी भाजी ती, आणि आपण ती वर्षातून एकदाच करतो.

तिसरी तक्रार त्या फ्लेक्सबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. मंडपाच्या डाव्या बाजूला दरवर्षी लागतो तो, 'रक्त वाढवा', खाली बीट, सफरचंद आणि डाळिंबाचे मोठाले फोटो. लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं, एवढाच त्याच्यामागचा विचार. 100 ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. सफरचंद आणि डाळिंबात त्याहून कमी. आणि बाईला दिवसाला पाहिजे किती, तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) 2020च्या शिफारशीप्रमाणे 29 मिलिग्रॅम. पुरुषाला 19. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा जरा, घरात ज्या माणसाला दीडपट लोह लागतं तेच माणूस सगळ्यात शेवटी जेवतं.

पालकाचंही तसंच, 100 ग्रॅमला जेमतेम तीन आणि त्यातलं शरीर घेतं थोडंसं. गूळ-गूळ करतात, पण दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम, तेवढ्यासाठी कोणी गूळ खाऊ नये, आवडतो म्हणून खावा. खरा माल आपल्या डब्यांमध्ये आहे आणि तो लाल नाहीये म्हणून फ्लेक्सवर जात नाही. मटकी, 100 ग्रॅम कोरडी घेतली तर आठच्या आसपास. कुळीथ तेवढेच, किंचित जास्त. बाजरी सहाच्या वर. हरभरे सहा-सात. काळे तीळ, राजगिरा, कारळ्याची चटणी. अळीव तर सगळ्यांचा बाप, अन्नघटकांच्या जुन्या तक्त्यांमध्ये 100 मिलिग्रॅम लिहिलेलं असायचं, 2017च्या नव्या तक्त्यात 17च्या आसपास निघालं, तरीही बिटाच्या कितीतरी पुढे. आणि हे अळीव आपण कोणाला देतो? बाळंतिणीला, सव्वा महिना. त्यानंतर त्या बाईचा आणि अळिवाचा संबंध संपतो, जसं काही रक्त फक्त बाळंतपणातच लागतं.

ज्यांच्याकडे मटण, कलेजी, मासे चालतात त्यांनी ते खावं, त्यातलं लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा शरीर खूप सहज घेतं. आपल्या मंडळात अर्धी घरं खाणारी आहेत आणि सगळी ते कुजबुजत सांगतात, हा आपला अजून एक विनोद. बाकीच्यांना जास्त हुशारीने खावं लागतं, इतकंच. शाकाहारातलं लोह जरा भिडस्त असतं, सोबत कोण आहे ते बघून आत येतं. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो असलं क जीवनसत्त्ववालं काही त्याच घासात असेल तर येतं. चहा-कॉफी असेल तर दारातूनच परत. दूध आणि कॅल्शियमची गोळीसुद्धा अडवते, हे कित्येक बायकांना माहीतच नसतं, दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही.

यातूनच चौथी तक्रार, चहा. शिबिराच्या सकाळी आपण पोहे-जलेबी देतो, पोह्यांवर जीरावन मसाला, सेव, लिंबाची फोड, सगळं इंदुरी पद्धतीने एकदम झकास. पोहे आणि लिंबू, लोहाच्या दृष्टीने जोडी चांगलीच आहे. आणि मग त्याच ट्रेमध्ये चहा! जेवणाबरोबर कपभर चहा घेतला की शाकाहारातलं लोह शोषायचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. हे फक्त शिबिरापुरतं नाही, मंडळाची प्रत्येक आरती, प्रत्येक मीटिंग, प्रत्येक हळदीकुंकू, खाणं आणि चहा एकदमच. 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, ओला कचरा, सुका कचरा, डायपरसुद्धा वेगळा काढायला आपण शिकलो, मग जेवण आणि चहा तासाभराच्या अंतराने वेगळा करायला काय जातंय? मी चहा सोडा म्हणत नाहीये, कोणी माझं ऐकणारही नाही, इंदुरात तर नाहीच. फक्त तास-दीड तास थांबा.

पाचवी. ही लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. महाप्रसादाची पंगत. मटकीची उसळ आपल्या बायका आदल्या रात्रीपासून करतात, भिजवणं, मोड काढणं, सगळं. पहिली पंगत पाहुण्यांची आणि पुरुषांची, दुसरी मुलांची आणि राहिलेल्या पुरुषांची, तिसरी आमची. गेल्या वर्षी तिसऱ्या पंगतीला मी डाव पातेल्यात घातला तर तळाशी नुसता रस्सा होता आणि मोहरी. आम्ही अकरा जणी मसालेभाताचा खरवडलेला भाग, कढी आणि गार पुऱ्या खाऊन उठलो, वर चहा. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाहीये, आम्हीच तर वाढत होतो, पुन्हा घ्या पुन्हा घ्या म्हणत. पण त्या अकरातल्या सात जणींची नावं माझ्या वहीत 'एचबी'समोर आहेत.

आता मी घरी काय केलं ते सांगते, कारण लोक विचारतात, आणि विचारताना त्यांना एखादं जादूचं फळ ऐकायचं असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट, 8.1 वरून मी फक्त खाऊन वर आलेली नाही. तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. माझं रक्त जात कुठे होतं ते डॉक्टरीणबाईंनी आधी शोधलं, गर्भाशयात गाठ निघाली, पाळीला रक्तस्राव खूप व्हायचा आणि मला वाटायचं वयच झालं, चालायचंच. त्याचा इलाज झाला. शिवाय लोहाच्या गोळ्या. पहिला आठवडा वाईट गेला, मळमळ, पोट जड, शी काळी. घाबरले होते, पण काळी होणं हे गोळीमुळेच असतं. लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे, चहापासून लांब. आकडा नीट आल्यावर सुद्धा आणखी तीन महिने चालू ठेवायला लावल्या, कारण हिमोग्लोबिन भरलं तरी अंगातला साठा रिकामाच असतो, फेरिटिन म्हणून तपासणी असते त्यात ते कळतं. आणि प्रत्येक कमी एचबी लोहामुळेच असतं असंही नाही हां. आपल्यासारख्या शाकाहारी घरात बी-12 कमी असतं, कोणाला थॅलेसेमिया मायनर म्हणजे रक्ताचा आनुवंशिक दोष असतो, त्यात लोह बरोबर असून एचबी कमी दिसतं आणि उगाच लोहाच्या गोळ्या खाऊन उपयोग नसतो. म्हणून आधी तपासणी, मग गोळी. शेजारणीची गोळी तर नकोच.

पण गोळी बंद झाल्यावर जे टिकवतं ते जेवण, आणि तिथे मी सगळं बदललं. तेही हळूहळू, भांडत भांडत. बर्तन बाजारातून लोखंडाची कढई आणली. घरात पूर्वी होतीच, सासूबाईंची, मीच लग्नानंतर नॉनस्टिक आलं तेव्हा भंगारात दिली होती, सासूबाईंनी ते बरोबर लक्षात ठेवून ऐकवलं. कढईत टोमॅटो, चिंच, आमसूल असलं आंबट घालून काही शिजवलं की लोखंड थोडं थोडं जेवणात उतरतं. भाजी जरा काळी पडते. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, जळली का? मी म्हटलं नाही, हीच भाजी आता अशी. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची नाहीतर चव उतरते, आणि धुऊन पुसून तेलाचा हात नाही फिरवला तर सकाळपर्यंत गंज.

आठवड्यातून तीन दिवस मटकी किंवा मूग किंवा हरभरे, मोड आणूनच. कडधान्यात फायटेट म्हणून एक असतं ते लोहाला धरून ठेवतं, भिजवून मोड आणले की पकड सैल होते. आपल्या आज्या हे नाव न घेता करत होत्याच. गुरुवारी कुळथाचं पिठलं. थंडीत बाजरीची भाकरी, दोन भाकऱ्यांना 100 ग्रॅम पीठ धरलं तर सहा मिलिग्रॅम तिथेच, वर तिळाची चटणी. वरण असो की उसळ, गॅस बंद केल्यावर ताटात लिंबू, आधी पिळलं तर उकळण्यात क जीवनसत्त्व जातं. सोमवारी आणि चतुर्थीला साबुदाणा बंद, हे सगळ्यात अवघड गेलं कारण साबुदाण्याच्या खिचडीवर माझा जीव आहे. पण तो जवळजवळ नुसता स्टार्च, लोह फारच थोडं, त्याच्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. महिन्यातून एकदा खिचडी खाते, सेव घालून, उपास नसताना. आणि रोज सकाळी अळिवाचा एक लाडू, ओलं खोबरं आणि गूळ घालून. माझी 19 वर्षांची पुतणी आधी म्हणाली, काकू हे डिलिव्हरीवाल्या बायकांचं आहे ना? तिचा स्वतःचा आकडा 9.4 आला तेव्हा गप्प लाडू उचलला.

आणि सगळ्यात मोठा बदल, ज्याला पैसे लागत नाहीत: मी सगळ्यांबरोबर जेवायला बसते. पोळ्या आधी करून ठेवते. गार झाल्या तर झाल्या.

सात महिन्यांनी आकडा आला 12.7. त्याच्या पुढच्या गणपतीत मी परत खुर्चीवर बसले, थेंब सोडला, आणि तो सरळ खाली गेला, मध्ये कुठे थांबलाच नाही. 350 मिली रक्त दिलं. वयाच्या 46व्या वर्षी पहिल्यांदा. म्हणून मला त्या मोदक स्पर्धेचा मेसेज इतका लागला.

तर आता मागण्या. गणपतीला अजून साडेतीन महिने आहेत. लाल पेशी अंगात साधारण 120 दिवस जगते, म्हणजे आज सुरुवात केली तर जवळजवळ नवीनच रक्त घेऊन बायका मंडपात येतील, सगळ्या नाही, पण बऱ्याच.

बायकांची नोंदणी बंद करायचा निर्णय मागे घ्या, आणि तसं ग्रुपवर लिहा. ज्या ठिकाणी जाहीर केलं त्याच ठिकाणी.

जूनच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये हिमोग्लोबिन तपासणी ठेवा, निळ्या पाण्याची नको, आकडा येणारी, बायका-पुरुष दोघांची, आणि प्रत्येकाच्या हातात आकडा लिहिलेली चिठ्ठी द्या. पुऱ्या लाटणारी मावशी, मंडप झाडणाऱ्या बायका, कॉलनीत घरकाम करणाऱ्या सगळ्या, त्यांना पण बोलवा, त्यांच्याकडून वर्गणी घेताना आपण त्यांना मंडळाचेच धरतो. ज्यांचा आकडा 10च्या खाली येईल त्यांना डॉक्टरकडे पाठवायची जबाबदारी मी आणि आणखी तिघी घेतो, सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. खर्च डीजेच्या एका दिवसाच्या भाड्यात बसेल, खजिनदारकाकांनी हिशोब करून बघावा.

शिबिर पंचमीला नको. गौरी गेल्यावरचा आणि अनंत चतुर्दशीच्या आधीचा कुठलाही दिवस चालेल.

फ्लेक्स बदला. मजकूर मी लिहून देते, फोटो मटकी, अळीव, लिंबू आणि लोखंडी कढईचा. बीट काढा. बिटाशी माझं वैर नाही, कोशिंबीर करा त्याची.

चहा खाण्यानंतर तासाभराने. माइकवरून सांगा हवं तर, वर्गणीचं सांगता तसं.

आणि महाप्रसादाला स्वयंपाक करणाऱ्या बायका पहिल्या पंगतीला बसतील. वाढायला तुम्ही. अध्यक्षसाहेबांचा आवाज मोठा आहे, पुन्हा घ्या पुन्हा घ्या छान म्हणता येईल त्यांना.

मोदक स्पर्धा ठेवा, मी भाग पण घेईन, पण शिबिराच्या वेळेत नको.

पुढच्या मीटिंगला मी येतेय, बोलावलं नसलं तरी. वही घेऊन येईन. मीटिंग होईपर्यंत ती माझ्याकडेच राहील, कारण तिच्यात लोकांची नावं आणि आकडे आहेत आणि ते चहाच्या कपाखाली ठेवायचे कागद नाहीत.

आपली,
नोंदणीच्या टेबलावरची

ता.क. मंडळाच्या गोदामात माळ्यावर मोठी लोखंडी कढई पडून आहे, जुन्या काळी महाप्रसादाची भाजी तिच्यातच व्हायची. मागच्या दिवाळीत मंडपाचे कापड ठेवायला गेले होते तेव्हा बघितली, गंजली आहे पण भोक नाहीये, चिंच आणि राखेने घासली की निघेल. किल्ली कोणाकडे आहे तेवढं कळवा.